पोटातला फुगा किंवा आतून शिवण : पाच वर्षांनी वजन किती राहतं?

रानजाई (नाशिक)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक झालंय, सांभाळून घ्या.

वय ३८, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९८ किलो. दुसऱ्या बाळंतपणात चढलेलं वजन उतरलंच नाही, आणि मधे जे थोडंफार उतरलं ते व्याजासकट परत आलं. दोन डाएटिशियन झाल्या, एक जिम झाली, चार महिने कीटो झालं. साखर काठावर आहे. उजवा गुडघा दुखतो, जिना उतरताना जास्तच. शिक्षिका आहे, दिवसभर उभं राहायचं म्हणून सकाळीच पेनकिलर घेऊन निघते.

सर्जननी स्लीव्हचं ऑपरेशन सुचवलं, म्हणजे पोटाचा (जठराचा) मोठा भाग काढून टाकायचं. घरी सगळ्यांना फक्त 'पोट कापणार' एवढंच ऐकू आलं. सासूबाई त्या रात्री जेवल्याच नाहीत. मग मीच शोधाशोध केली, तर बिनऑपरेशनचे दोन रस्ते दिसले. एक फुगा. त्यातही दोन तऱ्हा : दुर्बिणीतून ठेवायचा सहा महिन्यांचा, आणि दुसरा चक्क कॅप्सूलसारखा गिळायचा, जो चारेक महिन्यांनी आपोआप रिकामा होऊन निघून जातो. दुसरा रस्ता म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पोट आतल्या आत शिवून लहान करायचं. मला फुग्याचे सव्वादोन लाख सांगितले, शिवणीचे साडेचार.

दोन्हीकडे भिंतीवर 'आधी आणि नंतर'चे फोटो. मी विचारलं, हे 'नंतर' म्हणजे किती दिवसांनी? "सहा महिने, मॅडम." आणि पाच वर्षांनंतरचे आहेत का? काउंटरवरच्या मुलीने हसून पाण्याचा ग्लास पुढे केला.

तर ज्यांनी केलंय आणि करून निदान तीन-चार वर्षं झालीत, त्यांनी लिहा ना.

पहाटवारा

ताई, ही सगळी दुकानदारी आहे. रोज १२ सूर्यनमस्कार, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप. माझं ११ किलो उतरलं, एक रुपया खर्च न करता.

रानजाई

अभिनंदन दादा. किती वर्षं झाली?

पहाटवारा

मार्चपासून करतोय.

दुधाचा हिशोब (सांगली)

रानजाई, मला साडेसात वर्षं झाली, म्हणजे तुझ्या अटीत मी बसते. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहायची पद्धत आहे. सासूबाईंची सवय माझ्याकडे आली. २०१८ पासून दर सोमवारी त्याच चौकोनात पेन्सिलीने माझं वजनही लिहिते. वर 'दीड लि.' आणि खाली किलो. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही. तुझा प्रश्न वाचून काल रात्री माळ्यावरून आठही वर्षांची काढली, तर आमचे हे म्हणाले, आता कोणाचं दूध द्यायचं राहिलंय?

१२ फेब्रुवारी २०१८ : १०१.४. उंची पाच फूट एक. बीपीच्या दोन गोळ्या आणि बेंबीजवळ हर्निया. सर्जन म्हणाले, या वजनावर हर्नियाला हात लावला तर तो परत येईल, आधी वजन कमी करा. म्हणून फुगा. पुण्याला जाऊन बसवला. झोपेचं इंजेक्शन दिलं, वीस-पंचवीस मिनिटांत काम झालं. सिलिकॉनचा फुगा, त्यात साडेपाचशे मिली सलाईन आणि सलाईनमध्ये निळा रंग. तो रंग कशाला ते पुढे सांगते.

पहिले तीन दिवस मी बाथरूमच्या उंबऱ्यावर काढले, हे कोणी फोटोत दाखवत नाही. पाणीसुद्धा चमच्याने. उलटीत काही निघायचं नाही, नुसती कळ. पोटाला वाटतं ही वस्तू बाहेर टाकायची आहे, आणि ती तर बाहेर पडणार नाही. शेजारच्या खोलीतली बाई चौथ्या दिवशी फुगा काढून घेऊन घरी गेली. मीही गेले असते, पण पैसे भरलेले होते. पाचव्या दिवशी मुगाच्या कढणाची अर्धी वाटी आत राहिली आणि मला रडू आलं.

मग मात्र मजा. चार घास झाले की आतून कोणीतरी 'बास' म्हणायचं. पातेल्यात आमटी उरायला लागली. दर सोमवारी आकडा खाली. आता निळ्या रंगाचं. फुगा फुटला किंवा गळला तर लघवी निळी-हिरवी होते, तसं दिसलं तर पहिली गाडी पकडून या, असं बजावलेलं. मे महिन्यात ठाण्याला जाऊबाईंकडे गेले होते. रात्री दोन वाजता उठले आणि कमोडमध्ये निळंशार पाणी! मी जी ओरडले, अख्खी सोसायटी जागी व्हायची बाकी होती. जाऊबाईंनी टाकीत स्वच्छतेची निळी वडी टाकलेली. ती आजही पाहुण्यांना हे सांगते.

१३ ऑगस्ट २०१८ : ८६.२. त्या आठवड्यात फुगा काढला. पंधरा किलो गेले होते, म्हणजे मूळ वजनाचे पंधरा टक्के. सहा महिन्यांच्या फुग्यात साधारण दहा ते तेरा टक्के उतरतं असं नंतर वाचलं, तर त्या हिशोबाने मी हुशार विद्यार्थिनी. माझाही फोटो काढला. भिंतीवर असेल अजून.

काढल्यानंतरचा शुक्रवार, श्रावणातला. नणंदेकडे सवाष्ण म्हणून जेवायला. पुरणपोळी, कटाची आमटी, कुर्डई. अर्धी पोळी खाल्ली आणि सवयीने हात थांबवून त्या 'बास'ची वाट बघितली. आला नाही. एक पोळी झाली. पुन्हा थांबले. नणंद तुपाची वाटी घेऊन उभी, आणि मी आपली कान लावून बसल्यासारखी. त्या दिवशी मी अडीच पोळ्या खाल्ल्या, आणि घरी येताना रिक्षात भीती वाटली. त्या आधी नव्हती वाटली.

तरी दिवाळीपर्यंत ८५ होतं. ऑक्टोबरात हर्नियाचं ऑपरेशन उरकून घेतलं, ते आजतागायत ठणठणीत. खरं सांगायचं तर माझे पैसे तिथे वसूल झाले. बीपीची एक गोळीही सुटली होती. तीन वर्षांनी परत सुरू झाली.

जुलै २०१९ : ८८.३. ऑगस्ट २०१९च्या पानावर आकडाच नाही, गाळाचा डाग आहे. आम्ही गावभागात राहतो, तळमजल्यावर. कृष्णामाई स्वयंपाकघरात आली तेव्हा आम्ही भावाकडे विश्रामबागेत, नऊ माणसं दोन खोल्यांत. मदतीची बिस्किटं, पुरी-भाजी, चहा, परत बिस्किटं. वजनाचा काटा पुरात गेला आणि मी नवा घ्यायला डिसेंबर उजाडला. ९१.६. मग लॉकडाऊन, त्याबद्दल काय सांगायचं. १३ फेब्रुवारी २०२३ला पाच वर्षं झाली : ९६.८. म्हणजे सव्वादोन लाखांच्या आतबाहेर खर्च करून (तेव्हा थोडं स्वस्त होतं) पाच वर्षांनी हातात किती? चार किलो सहाशे ग्रॅम.

आता जी गोष्ट सांगायला एवढं लिहितेय ती. फुगा काढल्यावर तिथल्या डाएट मॅडम दर महिन्याला फोन करायच्या. गोड मुलगी होती. वजन किती, प्रोटीन किती, चालता का. पुरापर्यंत मी उचलत होते. डिसेंबरात नव्या काट्यावर उभी राहिले, आणि दोन दिवसांनी तिचं नाव स्क्रीनवर आलं. मी फोन पालथा घातला. पुढच्या महिन्यातही. लाज वाटली, दुसरं काही नाही. पतसंस्थेत दिवसभर थकबाकीदारांना फोन लावणारी बाई मी. लोक का उचलत नाहीत ते मला तेव्हा कळलं. २०२०मध्ये तिचे फोन बंद झाले. म्हणजे तिच्या वहीत मी कायमची ८८ किलोंची.

ग्रीसमधल्या डॉक्टरांनी ५०० फुग्यांचा पाच वर्षांचा हिशोब २०१२ साली छापला होता, तो माझ्या भाच्याने मला वाचून दाखवला. फुगा काढताना सरासरी जवळपास २४ किलो उतरलेले, तेही ज्यांचं फारसं उतरलंच नाही त्यांना वगळून. पाच वर्षांनी सरासरी सव्वासात किलो टिकलेले. पण हे पाच वर्षांनी हजर झालेल्या १९५ जणांचं. त्यातल्या ४६ जणांनी जादा वजनातली (म्हणजे उंचीला साजेशा वजनाच्या वर जेवढं असेल त्यातली) वीस टक्क्यांहून जास्त घट टिकवली होती. भाचा म्हणाला, मावशी, म्हणजे चौघांत एक पास. मी म्हटलं, अरे पण बाकीचे तीनशे कुठायत? ते माझ्यासारखे फोन पालथा घालून बसलेत. कोणी वारले असतील, गाव बदललं असेल, हे मान्य. पण ज्याचं टिकलंय तो काटा दाखवायला मिरवत जातो, हे काय मला माहीत नाही?

त्यामुळे तू त्या मुलीला पुढचा प्रश्न विचार : किती जणांचे फुगे बसवले, आणि त्यातल्या किती जणांचं पाच वर्षांनंतरचं वजन तुमच्या वहीत आहे? दोन आकडे. नुसते टक्के घेऊन येऊ नकोस.

आणि एक, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. ती गुडघ्याची गोळी. फुगा आत असताना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असलं काही घेतलंस तर पोटात अल्सर होऊ शकतो. मला ॲसिडिटीची गोळी सहा महिने रोज होती आणि पेनकिलर पूर्ण बंद. तुझे डॉक्टर विचारतीलच, पण नाही विचारलं तर तू सांग.

स्कोपरूम

वरच्या काकूंनी फुग्याचं इतकं नेमकं लिहिलंय की मी शिवणीपुरतंच बोलतो. डॉक्टर नाही, एंडोस्कोपी विभागात १४ वर्षं टेक्निशियन आहे. सुई-दोरा हातात देणारा माणूस.

ताई, आधी टक्क्यांची गंमत. जाहिरातीत 'जादा वजनाचे ४९ टक्के गेले' असं येतं आणि पेशंट आपल्या एकूण वजनाचे समजतो. हा आकडा खोटा नाही. २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 'मेरिट' नावाच्या अमेरिकन चाचणीतला आहे. २०९ माणसं, नऊ केंद्रं. शिवण घातलेल्यांचं वर्षभरात जादा वजनाच्या ४९.२ टक्के उतरलं, पण तेच किलो एकूण वजनावर मोजले तर १३.६ टक्के. नुसत्या आहार-व्यायामवाल्यांचं १ टक्काही नाही. तुमच्यापुरतं गणित : ९८ किलोचे १३.६ टक्के म्हणजे सव्वातेरा किलो, ८५च्या आसपास. हे सरासरी.

दोन वर्षांनी त्यातल्या ६० जणांचं पाहिलं, ४१ जणांनी जादा वजनातला निदान पाव हिस्सा घालवलेला ठेवला होता. गंभीर त्रास २ टक्के लोकांना, मृत्यू नाही. पाच वर्षांचा हिशोब न्यूयॉर्कच्या एका केंद्राने २०२१ला दिलाय : सरासरी १५.९ टक्के घट टिकलेली, आणि १० टक्क्यांहून जास्त टिकवणारे ६१ टक्के. फुग्याच्या मानाने चांगलंच. पण काकूंचा प्रश्न इथेही लागू. एकूण पेशंट २१६, पाच वर्षं पुरी झालेले ६८, आणि त्यातलेही काही आलेच नाहीत. शिवाय ते केंद्र पेशंटच्या मागे हात धुऊन लागणारं. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर 'फॉलोअप ७ दिवसांनी' लिहिलं की संपलं.

'आत शिवतात' म्हणजे काय, तर पूर्ण भूल देऊन दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या शिवणयंत्राने पोटाची मोठी कड आत ओढून दुमडतात. पिशवीला चुण्या घातल्यासारखं. तासा-दीड तासाचं काम. कापाकापी काही नाही. पण म्हणूनच पोटाचा वरचा भाग, जिथे भुकेचं हार्मोन ग्रेलिन जास्त तयार होतं, तो जागेवरच राहतो. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये तो भाग काढूनच टाकतात, वजनही त्यात साधारण दुप्पट उतरतं. सर्जननी तुम्हाला ते उगाच सांगितलेलं नाही. टाके कधी कधी सैल होतात. दोन वर्षांनी परत दुर्बीण घातल्यावर चुण्या उलगडलेल्या मी स्वतः पाहिल्यात, आणि मस्त टिकलेल्याही पाहिल्यात. त्याच डॉक्टरांच्या हातच्या.

काकूंना 'बास' का ऐकू आलं नाही त्याचंही उत्तर आहे. २०११ साली ऑस्ट्रेलियात ५० जाड माणसांना दहा आठवडे अगदी कमी खायला घालून वजन उतरवलं. वर्षाने तपासलं तर भूक वाढवणारी हार्मोन्स तोवरही चढलेली आणि पोट भरल्याची खूण देणारी उतरलेली. शरीर जुनं वजन वसूल करायला बसलेलं असतं. मनाचा कमकुवतपणा म्हणून लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, काकू.

गिळायच्या कॅप्सूलवाल्या फुग्याचे लांब मुदतीचे आकडे अजून तोकडे आहेत. बाकी पाणी भरलेल्या फुग्यांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८मध्ये सांगितलं होतं की २०१६ पासून जगभरात १२ मृत्यू कळवले गेलेत. बसवलेल्या फुग्यांच्या मानाने थोडे, पण 'काहीच धोका नाही' म्हणणाऱ्या काउंटरवर हे बोलून बघा.

क्लेमडेस्क

मेडिक्लेमचं लिहितो, कारण हा प्रश्न शेवटी येतोच. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) नियमात लठ्ठपणाचं ऑपरेशन बसतं ते बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४० किंवा अधिक असेल तर. नाहीतर ३५ किंवा अधिक आणि सोबत मोठा आजार : हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, उपचार करूनही न आवरणारा मधुमेह असलं काही. तुमचा बीएमआय ३९ येतो. काठावरची साखर आणि गुडघा त्या यादीत नाहीत. शिवाय नियमात 'सर्जरी' असा शब्द आहे. माझ्या टेबलावर आलेले फुग्याचे क्लेम मी परत जातानाच पाहिलेत. शिवणीबद्दल कंपनीकडून आधी लेखी घ्या. हॉस्पिटल तोंडी 'होऊन जाईल' म्हणतं, त्यावर जाऊ नका.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दुधाचा हिशोब ताई, पुरणपोळीचं वाचून अंगावर काटा आला. झोपेचा त्रास आहे बहुतेक, अहो म्हणतात मी रात्री घोरते आणि मधेच गप्प होते. त्याची तपासणी करून घेते आधी. आणि इंजेक्शनचं काय? शाळेत दोघी जणी घेतात.

स्कोपरूम

घोरताना मधेच गप्प होणं ही थांबून बघायची गोष्ट नाही, या आठवड्यात दाखवा. ही इंजेक्शनं आपल्याकडे २०२५मध्ये आली, मौंजारो मार्चमध्ये, वेगोव्ही जूनमध्ये. वजन फुग्याइतकं किंवा जास्तच उतरतं. पण सेमाग्लुटाइड (वेगोव्हीतलं औषध) बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं, असं त्याच्याच चाचणीत दिसलंय. म्हणजे ते दर महिन्याचं बिल आहे, दुधासारखं.

दुधाचा हिशोब

दुधावर घसरू नका!

रानजाई, तू विचारलं नाहीस पण सांगते. परत संधी मिळाली तर करीन का? हर्नियासाठी करीन. नुसतं वजनासाठी करायचं तर सातव्या महिन्यापासून कोणाकडे जायचं ते आधी ठरवीन, आणि तो माणूस पुण्यात नको, चालत जाता येईल इतका जवळ हवा. आताचं वजन ९३.८. गेल्या दोन वर्षांत तीन किलो हळूहळू गेलेत, संध्याकाळी घाटावरून चालते आणि जेवताना पाणी पीत नाही, ही फुग्याच्या दिवसांतली एक सवय मात्र चिकटून राहिलीय.

आणि हो. सकाळी पुण्याला फोन लावला. माझ्याकडे तो नंबर 'डाएट उचलू नये' या नावाने सेव्ह होता. दुसऱ्याच मुलीने उचलला, जुन्या मॅडम लग्न होऊन बंगळुरूला गेल्या म्हणे. म्हटलं, बाळ, २०१८चा फुगा आहे, आजचं वजन लिहून घे. ती गोंधळली. काही तक्रार आहे का मॅडम? नाही गं, म्हटलं, नुसतं वजन लिही. फाइल शोधून उलटा फोन करते म्हणाली. अजून आलेला नाही.